फॉरमॅट करण्याआधी आयपी ॲड्रेस तरी पाहा

इंटरनेट बंद पडलेला संगणक समोर आला की पाच मिनिटांत ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असा निकाल देणाऱ्या माणसाला, ‘त्याआधी तुम्ही नेमके काय काय तपासले?’ एवढा एक प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायलाच हवा, असे आज सकाळपासून माझे ठाम मत झाले आहे. मावशीच्या घरी आज हेच घडले. तिच्या डेस्कटॉपवर नेट येईना, म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने ब्राउझर उघडला, पान येत नाही हे पाहिले, संगणक रीस्टार्ट केला, पुन्हा पान येत नाही हे पाहिले आणि ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट करून नवीन टाकावी लागेल, संध्याकाळी मशीन घेऊन जातो’ असे सांगून तो निघून गेला. त्यानंतर मावशीचा मला फोन आला. ‘अगं, फॉरमॅट केल्यावर फोटो राहतात का?’

मस्तकात तिडीक गेली. ज्यांच्या सगळ्या फायली डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये पडलेल्या असतात, म्हणजे सी ड्राइव्हवर (फॉरमॅटमध्ये पुसला जातो तोच भाग), त्यांच्यासाठी फॉरमॅट म्हणजे काय, हे त्या माणसाला माहीत नसेल असे मला वाटत नाही. प्रत काढून ठेवली आहे का, हेसुद्धा त्याने विचारले नाही. विंडोजमधल्या बिघाडाने नेट जातच नाही असे मी म्हणत नाही. अपडेटनंतर नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम रुसतो, अर्धवट काढलेला अँटिव्हायरस मागे घाण ठेवतो, एखादा व्हायरस प्रॉक्सीचे (नेट मधल्या दुसऱ्या संगणकामार्फत नेण्याचे) सेटिंग बदलून जातो, हे सगळे होते. मात्र यांतल्या प्रत्येकावर फॉरमॅटपेक्षा साधे उपाय आहेत, आणि मुळात हा संशय शेवटी घ्यायचा असतो. नळाला पाणी आले नाही म्हणून कोणी घर पाडायला घेत नाही. आधी शेजारी पाणी आहे का, हे विचारतो.

मीही मावशीला तेच विचारले. फोनवर नेट चालते का? चालते, म्हणाली. इथे बहुतेक जण फसतात, कारण वायफायमधून नेट येत नसेल तर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि ‘फोनवर तर चालते आहे’ असा खोटा दिलासा मिळतो. म्हणून मी तिला मोबाइल डेटा बंद करून, फक्त घरच्या वायफायवर एखादे असे पान उघडायला सांगितले जे तिने पूर्वी कधी पाहिलेले नाही. तेही उघडले. याचा अर्थ बाहेरची लाइन ठीक होती, राऊटर ठीक होता आणि अडचण राऊटरपासून संगणकापर्यंतच्या त्या छोट्याशा अंतरात किंवा संगणकातच कुठेतरी होती. एवढे कळायला माझ्या मावशीला माउससुद्धा हलवावा लागला नाही. घरात येऊन गेलेल्या तज्ज्ञाने हे का पाहिले नसेल, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्या मंडळींना दिवसभर अनेक घरे करायची असतात आणि घाई असते, हे मान्य. घाईत चुकीचे निदान करून माणसाचा ऐवज पुसून टाकण्याचा परवाना मात्र त्यातून मिळत नाही.

मग मी तिला स्टार्टच्या शोधपट्टीत सीएमडी (cmd) टाइप करायला लावले. काळी खिडकी उघडल्याबरोबर ती घाबरली. ‘यातून काही उडणार तर नाही ना?’ मी म्हणाले, आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा एकटी दिली तर ती फक्त वाचून दाखवते, काही बदलत नाही. तिने एकेक अक्षर विचारून टाइप केले, एंटर दाबले आणि समोर आलेली ओळ वाचायला सुरुवात केली: एकशे एकोणसत्तर, टिंब, दोनशे चोपन्न, टिंब... मी तिला तिथेच थांबवले. पुढचे आकडे ऐकण्याची गरजच नव्हती. खाली ‘डिफॉल्ट गेटवे’च्या, म्हणजे राऊटरच्या पत्त्याच्या, पुढची जागा रिकामी आहे का, एवढे विचारले. रिकामी होती.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला आकडी पत्ता, म्हणजेच आयपी ॲड्रेस, वाटण्याचे काम साधारणपणे राऊटर करतो. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, आणि घरगुती राऊटरने दिलेला पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो. संगणकाने पत्ता मागितला आणि उत्तरच आले नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता धारण करते. तो पत्ता म्हणजे विंडोजने केलेली तक्रार आहे: मी विचारले, मला कोणी काही सांगितले नाही. म्हणजे जिला फॉरमॅटची शिक्षा सुनावली गेली होती, ती बिचारी विंडोज नेमून दिलेल्या नियमाप्रमाणे वागत होती आणि बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे स्पष्ट आकड्यांत सांगत होती. ते आकडे वाचायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. (क्वचित डीएचसीपीची सेवा संगणकातच बंद पडलेली असते, तेव्हा दोष संगणकाचा निघतो. ठीक आहे. तीही एका क्लिकने सुरू होते.)

मी विचारले, मशीनच्या मागची वायर राऊटरच्या कोणत्या पोर्टमध्ये आहे? मावशी टॉर्च घेऊन टेबलामागे वाकली. काल तिने तो कोपरा पुसायला काढला होता, सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या, आणि संगणकाची वायर शेवटच्या पोर्टमध्ये गेली होती. तिच्या नेटच्या कंपनीने तो पोर्ट टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्ससाठी वेगळा ठेवलेला आहे. तिथे वायर घट्ट बसते, दिवाही लुकलुकतो, फक्त संगणकाला पत्ता मिळत नाही. तिने वायर काढून पहिल्या पोर्टमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवली, पुन्हा आयपीकॉन्फिग दिले, आणि या वेळी वाचताना तिचा आवाज बदललेला होता. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट. पाने उघडू लागली.

यात मावशीची चूक काढायला कृपया कोणी येऊ नये. चार पोर्ट एकसारखे बनवायचे, त्यांतल्या एकाचे काम वेगळे ठेवायचे आणि ते कुठे लिहायचे नाही, हा बनवणाऱ्यांचा आणि बसवणाऱ्यांचा निष्काळजीपणा आहे. वायर बसवून जाणाऱ्याने एक स्टिकर चिकटवला असता तर आजची सकाळ वाचली असती.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला असता तरी काय झाले असते, तेही मला ठाऊक आहे. ‘राऊटर बंद करून चालू करा.’ आता याने अनेकदा काम होते, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागेल. राऊटर हाही एक छोटा संगणकच असतो, महिनोन्‌महिने अखंड चालून त्याची स्मृती भरते, जोडण्यांच्या नोंदी अडकतात, आणि वीज अर्धा मिनिट पूर्ण तोडली की तो कोऱ्या मनाने सुरू होतो. पण फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल, तर त्या डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. तार कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे किंवा निसटली आहे आणि दिवसभर बंद-चालू करत बसलात तरी ती जोडली जाणार नाही. तेव्हा ‘लाल दिवा आहे, माणूस पाठवा’ एवढेच सांगायचे असते. त्याहून संतापजनक म्हणजे याच संभाषणात कोणीतरी ‘रीसेट करा’ म्हणते आणि लोक टाचणी घेऊन मागचे बारीक छिद्र दाबून धरतात. त्या बटणाने राऊटर फॅक्टरी सेटिंगवर जातो, वायफायचे नाव आणि पासवर्ड जातात आणि अनेक जोडण्यांमध्ये कंपनीने भरून ठेवलेले लॉगिनही जाते. मग जे नेट दहा मिनिटांत आले असते, ते दुसऱ्या दिवशी माणूस येईपर्यंत येत नाही. विंडोजमधल्या ‘नेटवर्क रीसेट’ची गोष्टही अशीच आहे: उपाय म्हणून तो चांगला असू शकतो, पण जतन केलेले वायफायचे सगळे पासवर्ड तो विसरतो, हे सांगितल्याशिवाय कोणी कोणाला तो सुचवू नये.

मावशीच्या जागी पत्ता बरोबर निघाला असता तर मी तिला पुढचा टप्पा पाहायला लावला असता, आणि तोही त्याच काळ्या खिडकीत होता. पिंग (ping) ही आज्ञा एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का पाहते. पिंग लिहून गेटवेचा आकडा द्यायचा. उत्तर आले की राऊटरपर्यंतचा रस्ता मोकळा. मग पिंग ८.८.८.८ (हा गूगलचा पत्ता), उत्तर आले की घराबाहेरचा रस्ताही मोकळा. (काही ठिकाणे मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून एका ‘टाइम्ड आउट’वरून निष्कर्ष काढू नये.) पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. आज तो जवळपास प्रत्येक संगणकात फुकट बसलेला आहे, त्याला दुकानात न्यावे लागत नाही, आणि तरीही घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करणारा माणूस तो न वापरता निकाल देतो, याचा राग येऊ नये तर काय व्हावे?

पिंगला उत्तर येते पण एकही पान उघडत नाही, ही स्थिती तर हमखास ‘विंडोज उडाली’ या खात्यात जमा होते. प्रत्यक्षात तिथे बहुधा डीएनएस बिघडलेले असते. संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणासुद्धा १९८३ सालचीच, पॉल मोकापेट्रिस यांची. नाव सांगून पत्ता मिळत नाही, म्हणून पान येत नाही. रस्ता मात्र पूर्ण शाबूत असतो. अशा वेळी आयपीकॉन्फिगला फ्लशडीएनएस जोडून (ipconfig /flushdns) जुन्या नोंदी पुसायच्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरून पाहायचा. घड्याळही पाहायचे. जुन्या डेस्कटॉपमधली नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या तारखेला वैध ठरत नाहीत आणि ब्राउझर पानामागून पान नाकारतो. बघणाऱ्याला वाटते नेट गेले. मावशीला मी सुरुवातीलाच स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला लावली होती. ती बरोबर होती.

त्याच कोपऱ्यातल्या ‘नो इंटरनेट’ या शब्दांवरही आंधळा विश्वास ठेवू नका, हे जाता जाता. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक लहानशी मजकूर फाइल मागवून पाहते आणि ती अपेक्षेप्रमाणे आली नाही की ही पाटी लावते. तेवढीच एक विनंती अडली असेल तर पाटी लागलेली असूनही नेट चालू असते.

दुरुस्तीवाल्यावर एवढे लिहून झाल्यावर लक्षात येते आहे की माझा अर्धा राग त्याच्यावर नाहीच. तो प्रत्येक घरातल्या त्या एका माणसावर आहे, ज्याला ‘कॉम्प्युटरमधले कळते’. कोणाचे काही अडले की तो ‘सरक जरा’ म्हणून खुर्ची घेतो, डोळ्यांना पकडता येणार नाही अशा वेगाने खिडक्या उघडतो आणि मिटतो, ‘झाले’ म्हणतो आणि उठतो. काय झाले होते, हे तो सांगत नाही. विचारले तर ‘तुला नाही कळणार’. मावशीने नोकरीत अनेक वर्षे संगणकावर पत्रे आणि हिशेब केले आहेत, तिच्या हाताखालून माझ्यापेक्षा जास्त कागद छापून गेले असतील, आणि तरी आयपीकॉन्फिग हा शब्द तिने आज पहिल्यांदा ऐकला, कारण आजवर प्रत्येक वेळी कोणीतरी तिची खुर्ची घेतली. मी तिथे नव्हते, हेच आज तिच्या पथ्यावर पडले. फोनवरून मला तिचा माउस धरता येत नव्हता, त्यामुळे सगळे तिलाच वाचावे लागले आणि तिलाच वाकून पाहावे लागले.

नेट आल्यावर तिने फोन ठेवला नाही. काळी खिडकी तशीच उघडी ठेवून ती विचारत बसली: सबनेट मास्क म्हणजे काय, फोनचाही असा आकडा असतो का, उद्या आकडा बदलला तर घाबरायचे का? (फोनचाही असतो, पत्त्याचा शेवटचा आकडा बदलला तर घाबरायचे नाही, सबनेट मास्कवर मी पुढच्या वेळी सांगेन म्हणाले.) मी एवढ्या सावकाश कोणाला काही समजावून सांगितल्याचे मला आठवत नाही, आणि खरे सांगायचे तर मजा आली.

तेव्हा ज्यांच्या घरी नेट सुरळीत चालू आहे, त्यांनी आजच संगणकाच्या खुर्चीवर अशा व्यक्तीला बसवा जिने ती खिडकी कधी उघडलेली नाही. तिच्या हाताने आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल (ipconfig /all) टाइप करवून घ्या, आणि आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस सर्व्हर या तीन ओळी, वायर कोणत्या पोर्टमध्ये आहे ते आणि कंपनीचा ग्राहक क्रमांक तिच्याच अक्षरात लिहून राऊटरशेजारी चिकटवा. हे सगळे कागदावरच लिहा. ईमेलमध्ये जपून ठेवलेला पत्ता नेट गेलेल्या त्या संगणकावर कोणी उघडून पाहू शकत नाही.