ट्रान्सफर करायचंय मुलीला, गुन्हा नाही केलाय

आज मला कुणी "होईल गं सगळं नीट" म्हणू नका. डोकं फिरलंय माझं, आणि फिरण्यासारखंच आहे.

कॅलिफोर्नियात आधी कम्युनिटी कॉलेज (राज्याचं दोन वर्षांचं स्वस्त कॉलेज) करायचं आणि दोन वर्षांनी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) नाहीतर सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या राज्याच्याच विद्यापीठांत ट्रान्सफर घ्यायची, ही काही आमच्या डोक्यातून निघालेली पळवाट नाही. 1960 च्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे उच्च शिक्षणाच्या आराखड्यात, या राज्यानेच ही वाट आखून दिली. आज 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत, युनिटला, म्हणजे क्रेडिटला, 46 डॉलर फी आहे, आणि जिकडेतिकडे फलक लावलेत की या, इथून सुरुवात करा, पुढे यूसीच्या बर्कली कॅम्पसपर्यंत जा. गेली माझी मुलगी. तर मग त्याच राज्याच्या कॉलेजात शिकलेला विषय त्याच राज्याच्या विद्यापीठात धरला जाईल की नाही, हे शोधायचं काम एकोणीस वर्षांच्या पोरीने रात्री बारा वाजता लॅपटॉपपुढे बसून का करायचं? तिन्ही दुकानं एकाच मालकाची. हिशेब मात्र गिऱ्हाइकाने जुळवायचा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगते. इथे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलाही असो, त्याच्या जोडीला जनरल एज्युकेशनचे, म्हणजे जीईचे विषय घ्यावेच लागतात. इंग्रजी लेखन, क्रिटिकल थिंकिंग, भाषण, गणित, कला, मानव्यविद्या, समाजशास्त्रं, लॅबसकट विज्ञान, एथ्निक स्टडीज (अमेरिकेतल्या अल्पसंख्य वंशांचा अभ्यास). सध्याच्या कॅल-जीईटीसी नावाच्या पॅटर्नमध्ये हे सगळं मिळून 11 विषय आणि एक लॅब, एकूण 34 युनिट भरतात. पदवीसाठी लागणाऱ्या युनिटांचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग.

जीईला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण लगेच कुणीतरी म्हणणार की तुम्हा इंजिनिअर लोकांना कोडिंगपलीकडे काही नकोच असतं. एथ्निक स्टडीजच्या क्लासमधून आल्यावर माझी लेक जेवता जेवता भगतसिंग थिंदची केस सांगत होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेला माणूस, आणि 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. आम्ही इतकी वर्षं इथे राहतोय, ग्रीन कार्डाच्या रांगेवर बोलून बोलून तोंड दुखलं, पण हे मला माहीत नव्हतं. ते तिने शिकावं, जरूर शिकावं. राग विषयांचा नाही. विषय कुठल्या खणात बसतो, त्या खणाला आज काय नाव आहे आणि उद्या तो खण जागेवर असेल का, या खेळाचा राग आहे.

तिने 2024 च्या फॉलला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्राला, सुरुवात केली. तेव्हा दोन पॅटर्न होते. आयजीईटीसी हा यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे चालणारा, आणि सीएसयू जीई ब्रेड्थ हा फक्त सीएसयूचा. त्याशिवाय कॉलेजच्या स्वतःच्या पदवीचा पॅटर्न तिसराच. 2021 मध्ये एबी 928 कायदा झाला आणि त्याप्रमाणे 2025 च्या फॉलपासून दोन्हींच्या जागी एकच कॅल-जीईटीसी आला. चांगलं झालं. पण जी मुलं मधोमध होती त्यांचं काय? सलग शिकत राहिलात तर जुना पॅटर्न चालेल, असा नियम आहे. मग एक काउन्सेलर म्हणाली जुन्यातच राहा. दुसऱ्याने सांगितलं नवा घे, पुढे भानगड नको. तिसरी म्हणाली, "तुला कुठे जायचंय त्यावर आहे." अहो, कुठे घेणार ते एप्रिल-मेमध्ये कळणार! त्याआधी मुलीने कुठल्या आधारावर ठरवायचं?

आणि दोन्हींत फरक किरकोळ नाही. जुन्या पॅटर्नमध्ये नुसतं यूसीला जायचं असेल तर भाषणाचा विषय लागत नव्हता, नव्यात तो सगळ्यांना लागतो. जुन्या सीएसयू पॅटर्नमध्ये लाइफलाँग लर्निंगचा वेगळा गट होता. त्यासाठी हिने आहारशास्त्राचा विषय घेतला, मन लावून केला, ए मिळवला. नव्या पॅटर्नमध्ये तो गटच काढून टाकलाय. नवा घेतला तर तो विषय नुसता इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, म्हणून ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) पडून राहणार, जीईच्या हिशेबात शून्य. नव्यात प्रत्येक विषयाला पूर्ण सी लागतो, सी मायनस चालत नाही. घरी कुणी आजारी पडलं, नोकरीच्या पाळ्या बदलल्या, एका विषयात सी मायनस आला, की तो विषय पुन्हा.

आता मेजर. हिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठे चालतो ते बघायला असिस्ट नावाची राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. एका बाजूला विद्यापीठाचा विषय, दुसऱ्या बाजूला आपल्या कॉलेजचा. आणि मधूनच त्या दुसऱ्या बाजूला तीन शब्द येतात, "नो कोर्स आर्टिक्युलेटेड." म्हणजे विद्यापीठाला तो विषय हवाय, पण तुमच्या कॉलेजात त्याच्या तोडीचा विषयच नाही. मग करायचं काय? दुसऱ्या कॉलेजात जा. ते कॉलेज पाऊण तासावर, ट्रॅफिक असेल तर दीड. आणि आमच्या बे एरियात डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे तिमाही सत्रांवर, चालतात, आजूबाजूची बाकीची कॉलेजं सेमिस्टरवर, म्हणजे सहामाही सत्रांवर. तारखा जुळत नाहीत, युनिटं दोन तृतीयांशने गुणून बघावी लागतात, आणि गणिताची किंवा फिजिक्सची साखळी अर्धी इथे अर्धी तिथे केली तर मधला एखादा भाग दोन्हीकडून निसटतो. तीच गोष्ट विद्यापीठांची. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर, बाकीचे यूसी क्वार्टरवर.

प्रत्येक कॅम्पसची मेजरची यादी वेगळी. एकाला फिजिक्स हवं, दुसऱ्याला नको. एकाला डिस्क्रीट मॅथ आधी हवं, दुसरा म्हणतो इथे आल्यावर करा. पाच ठिकाणी अर्ज करायचा तर पाच याद्या. त्यावर कडी म्हणजे जीई आधी की मेजर आधी, याचं उत्तर. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना यूसीकडून सांगतात की आधी मेजरचे विषय उरका, जीई मागे राहिलं तरी चालेल. सीएसयूला खात्रीने जायचं म्हणून असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची पदवी) घ्यायला गेलं, तर 60 युनिटांत जीई पूर्ण हवं. मूल एकच आहे हो! अर्ज दोन्हीकडे करणार, कारण एकाच ठिकाणी भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती कुणी ठेवलेली नाही. मग तिने एका सेमिस्टरमध्ये फिजिक्स, लिनिअर अल्जिब्रा, डेटा स्ट्रक्चर्स आणि वर आर्ट हिस्ट्री घ्यायची, आणि जीपीए पण राखायचा.

टॅगचं, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटीचं, सांगतात लोक. सहा यूसी कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देतात, खरं आहे. पण अर्ज फक्त सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पसला, आणि बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीतच. शिवाय काही मेजर त्यातून वगळलेले.

बरं, एवढं सगळं जुळवून यादी केली, पुढे? क्लास भरलेला! रजिस्ट्रेशनची तारीख युनिटांप्रमाणे मिळते, नव्या मुलांचा नंबर शेवटी. कॅल्क्युलसवर आधारलेल्या फिजिक्सचा दुसरा भाग आमच्या कॉलेजात फक्त स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीनंतरच्या सत्राला, एकच सेक्शन (तुकडी). पोरगी सकाळी सातच्या ठोक्याला लॉग-इन करून बसली, आणि वेटलिस्टवर गेली. वेटलिस्टवरून नाही मिळाला तर? तर पुढच्या वर्षी. आणि इथेच माझ्या रागाचं मूळ आहे, नीट वाचा. यूसीचे बहुतेक कॅम्पस ट्रान्सफर फक्त फॉलला घेतात, आणि मेजरचे मुख्य विषय आधीच्या स्प्रिंगपर्यंत संपलेले हवेत. म्हणजे एक विषय हुकला की सेमिस्टर जात नाही, अख्खं वर्ष जातं. एका वेटलिस्टपायी एक वर्ष. त्या वर्षाचं घरभाडं, गाडी, इन्शुरन्स, नोकरीला एक वर्ष उशीर, हे 46 डॉलरच्या जाहिरातीत कुठे लिहिलंय?

काउन्सेलरला भेटा म्हणतात. अपॉइंटमेंट अर्ध्या तासाची, ती मिळायलाच आठवडे जातात. समोरची बाई वाईट नाही, हेही सांगते. दमलेली असते, तिच्यावर शेकडो मुलं असतात. पण अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं ट्रान्सक्रिप्ट उघडण्यात जातात, कारण मागच्या खेपेला कुणी वेगळंच होतं आणि त्याने काय सांगितलं याची नोंद धड नसते. मग स्क्रीन आमच्याकडे वळवून ती असिस्ट उघडते. तेच पान, जे मुलीने आदल्या रात्री पाहिलेलं असतं. तहसील कचेरीत सात-बाऱ्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात ना, तसं. शेवटी वाक्य ठरलेलं, "विद्यापीठाकडे एकदा खात्री करून घे." आणि विद्यापीठ म्हणतं, "तुझ्या कॉलेजच्या काउन्सेलरला विचार."

इंग्रजीचंच घ्या. वर्षानुवर्षं एका कॉलेजात इंग्लिश 1बी म्हणजे क्रिटिकल थिंकिंग, शेजारच्या कॉलेजात त्याच नंबरचा विषय म्हणजे साहित्याची ओळख, आणि तिथे क्रिटिकल थिंकिंग 1सी मध्ये. नंबर बघून विषय घेतलेल्या मुलांनी किती वेळा तोच गट पुन्हा केला असेल! सगळीकडे एकच नंबर ठेवा, असा कायदा, एबी 1111, झाला 2021 मध्ये. पहिले सहा विषय त्याप्रमाणे सुरू झाले 2025 च्या फॉलला. इंग्लिश सी 1000, सायकॉलॉजी सी 1000, स्टॅटिस्टिक्स सी 1000 असे. सहा विषयांना नंबर द्यायला चार वर्षं! सिलिकॉन व्हॅली ज्या राज्यात आहे त्या राज्यात! इथे माझ्या ओळखीत निम्मे लोक डेटाबेस जुळवायचीच कामं करतात.

राज्याच्या ऑडिटरने 2024 मध्ये स्वतःच सांगितलंय की 2017 ते 2019 मध्ये ट्रान्सफरचा इरादा धरून आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत ट्रान्सफर झाली ती जेमतेम पाचात एक. चार वर्षांत! पाचांतली चार मुलं आळशी होती का? हे आकडे वाचून कुणाची झोप उडाली नाही का?

आणि आपली मंडळी! गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातात घेऊन विचारतात, "कम्युनिटी कॉलेजात का घातलीत? मार्क कमी पडले का?" मार्क कमी पडले नाहीत. कर्ज नको होतं. आणि समजा पडले असते कमी, तरी? सतराव्या वर्षीच्या मार्कांवर जन्म काढायचा का मुलांनी? हेच लोक खासगी सल्लागाराला हजारो डॉलर मोजतात आणि मग "सिस्टिम समजून घ्यावी लागते" असं आम्हाला ऐकवतात. पब्लिक कॉलेज आहे हे. ते समजायला खासगी माणूस का लागावा?

मी शिकलेली आहे, नवऱ्याची नोकरी बरी आहे, रविवारी दोघं एक्सेल शीट उघडून मुलीबरोबर बसू शकतो. तिच्या लॅबमधला एक मुलगा रात्री गोदामात काम करतो आणि सकाळी आठच्या क्लासला येतो. घरात कॉलेजात गेलेला तो पहिलाच. शेवटच्या वर्षी जीई पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेशन आपण स्वतः मागावं लागतं, कॉलेज ते आपणहून पाठवेल असं धरून चालता येत नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. माझ्या मुलीने सांगितलं म्हणून कळलं. का? मुलाचे सगळे मार्क कॉलेजकडे, पॅटर्न कॉलेजकडे, अर्ज कुठे केलाय तेही कळू शकतं. बटण दाबायचं काम कॉलेजचं आहे.

मला हवंय ते काही अवघड नाही. काउन्सेलरने सही केलेला प्लॅन विद्यापीठावर बंधनकारक करा. तो पाळून मुलाने विषय केले आणि मधे नियम बदलला, तर भुर्दंड राज्याने सोसावा. रजिस्ट्रेशनच्या पानावरच विषयासमोर लिहा की हा कुठे चालतो आणि कुठे नाही. ट्रान्सफरसाठी लागणारा विषय वर्षातून दोनदा द्या, आणि वेटलिस्ट लांबली तर दुसरा सेक्शन उघडा, निदान ऑनलाइन.

आमच्या असेंब्ली मेंबरच्या, म्हणजे इथल्या आमदाराच्या, ऑफिसला मी हे सगळं लिहून पाठवतेय. कॅलिफोर्नियात ज्यांची मुलं यात अडकलीत त्यांनी मला लिहा. कॉलेजचं नाव नको, माणसाचं नाव नको. कुठला विषय, तो घ्यायला कुणी सांगितलं, तो कुठे नाकारला, आणि त्यापायी किती वेळ गेला, एवढंच. पत्राला जोडायचंय.