बेपत्ता नवऱ्यासाठी जन्मभर थांबायला सांगणारा मेसेज

‘शरीयत चौदाशे वर्षं एकच आहे, कोणत्याही सरकारने तिला हात लावलेला नाही. म्हणून नवऱ्याने तलाक दिल्याशिवाय बाई सुटत नाही, कोर्टात जाऊन उपयोग नाही.’ आमच्या रत्नागिरीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. माझ्या चुलत बहिणीचा नवरा आखातात गेला, त्याला पाच वर्षं होऊन गेली. फोन नाही, पैसा नाही, पत्ता नाही. हे वाचून तिने वकिलाकडे जायचं रद्द केलं. म्हणून आधी शेवटचाच मुद्दा घेतो.

1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आजही लागू आहे. त्याचं कलम 2 वाचा. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल किंवा दोन वर्षं त्याने खर्चपाणी दिलं नसेल, तर बायको कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. बेपत्ता असल्याच्या कारणावर दावा केला, तर नवऱ्याच्या वारसांची नावं-पत्ते द्यावे लागतात, त्याचे भाऊ आणि चुलते यांनाही पक्षकार करावं लागतं. निकाल सहा महिन्यांनी अमलात येतो. एवढंच.

आणि हा कायदा धर्माबाहेरून लादला म्हणणाऱ्यांनी त्याचा इतिहास बघावा. नवरा नव्वद वर्षांचा होईपर्यंत थांबा, हे हनफी ग्रंथांतलं एक प्रसिद्ध मत. (हनफी, मालिकी, शाफई, हंबली हे सुन्नी कायद्याचे चार पंथ.) पंजाबात सुटकेसाठी बायका धर्म सोडू लागल्या, तेव्हा मोठे आलिम (धर्मपंडित) मौलाना अशरफ अली थानवी यांनी, स्वतः पक्के हनफी असून, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तक लिहून या बाबतीत सुटकेची वाट देणारं मालिकी मत घेतलं. कायद्याच्या विधेयकासोबतच्या उद्देश-कारणांच्या निवेदनातच म्हटलंय, की हनफी कायद्याने हाल होत असतील तिथे मालिकी, शाफई किंवा हंबली मत लावायला हनफी फकीहांचीच (कायदेपंडितांचीच) मुभा आहे.

‘एकच शरीयत’? आपण कोकणी मुसलमान शाफई. आपली असरची (दुपारनंतरच्या नमाजाची) वेळ हनफी मशिदीच्या आधी होते. आपल्या घरात तिसऱ्या (शिंपल्या) शिजतात, हनफी मतात त्या चालत नाहीत. हे रोज बघणाऱ्यांनीच असा मेसेज पुढे पाठवावा?

‘सरकारने हात लावला नाही’ यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. फिकह, म्हणजे शरीयतचा तपशीलवार कायदा, सरकारने लिहिलं नाही, आलिमांनी लिहिलं. ज्यांच्या नावाने हनफी पंथ आहे त्या इमाम अबू हनीफांनी काझीपद नाकारलं, असं बहुतेक चरित्रकार सांगतात. पण त्यांचेच शिष्य अबू यूसुफ खलिफा हारून अल-रशीदचे मुख्य काझी झाले. उस्मानी सुलतानांनी हनफी मत अधिकृत केलं, औरंगजेबाने फतावा-ए-आलमगिरी हा हनफी कायद्याचा ग्रंथ संकलित करवून घेतला, कंपनी सरकारने हिदाया या हनफी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करवून ते कोर्टात वापरलं. हनफी मत इतकं पसरलं, त्यात राज्यकर्त्यांच्या पाठबळाचा मोठा वाटा आहे.

ज्यांनी तो मेसेज टाकला, त्यांनी आज त्याच ग्रुपवर कलम 2 टाकावं. बहिणीला मी वकिलाकडे घेऊन जातोय.