‘गरम झाल्यावर मेमरी चुकते, म्हणजे चिप गेली’: हे खरं नाही

“बोर्ड तापला की मेमरी एरर येते? रॅमची चिप खराब. बदला, नाहीतर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) चिकटवा, नाहीतर क्लॉक (चिपचा वेग) कमी करा.” हार्डवेअरवाल्यांमध्ये हा सल्ला सारखा फिरतो. त्यापायी धडधाकट चिपा कचऱ्यात जातात आणि खरा दोष बोर्डावरच राहतो, म्हणून लिहितोय.

‘चिप बदलल्यावर बोर्ड चालला, म्हणजे दोष चिपचाच.’ चिप बदलताना तिच्याखालचे सोल्डरचे सगळे सांधेही नवे होतात, हे विसरू नका. तडकलेला सांधा तापल्यावर उघडू शकतो आणि थंड झाल्यावर परत टेकतो. जुनी चिप रीबॉल करून, म्हणजे तिच्याखाली सोल्डरचे नवे गोळे लावून, चांगल्या बोर्डावर बसवा, तितकीच तापवा, मग बोला. एरर दरवेळी एकाच डेटा बिटवर येत असेल, तर मी आधी त्या बिटचा सांधा आणि ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) बघतो.

‘हीटसिंक लावला की मिटलं.’ डीरॅमचा (म्हणजे नेहमीच्या रॅमचा) सेल हा विद्युतभार साठवणारा गळका कपॅसिटर, आणि उष्णतेने गळती वाढते. म्हणून डीडीआर३ चिपला ८५ अंश सेल्सियसपर्यंत सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश (सेल पुन्हा भरणं) लागतो, ८५ ते ९५ अंशांत ३.९ ने. मेमरी चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये ही सोय केलेलीच नसेल तर चांगली चिपही विसरणार. त्याच तापमानाला रिफ्रेश दुप्पट वेळा करून तीच टेस्ट चालवा. एरर थांबली तर सेटिंग सुधारा.

‘क्लॉक कमी करा.’ इथे तर नुकसानच होऊ शकतं. रिफ्रेशचं अंतर बऱ्याच कंट्रोलरांत क्लॉकच्या ठोक्यांत मोजतात. ८०० मेगाहर्ट्झला ६२४० ठोके म्हणजे ७.८ मायक्रोसेकंद, रजिस्टर (ठोक्यांचा आकडा ठेवायची जागा) तसंच ठेवून क्लॉक ४०० वर आणला, तर तेच अंतर १५.६ होतं.

आणि ‘शत्रू उष्णताच’ हेही चूक. थंडीत सेलची गळती उलट कमी होते. तरी एका कोल्ड स्टोरेजमधला बोर्ड रोज पहाटे मेमरी एरर द्यायचा. मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा धरून मी एकेका भागावर फ्रीझ स्प्रे मारला. रॅम पांढरी झाली, टेस्ट सुरूच. मग शेजारच्या जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर मारला. त्याच्या डोक्यावर हिव धरलं आणि स्क्रीनवर एररची रांग लागली. थंडीत त्याचा आतला रोध वाढून मेमरीचा पुरवठा हेलकावत होता. कपॅसिटर बदलला. रॅम अजून तीच आहे.