सीप्झपर्यंत न पोचलेली ४१५

अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झ या औद्योगिक वसाहतीला जाणारी बेस्टची ४१५ नंबरची जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. मित्रांनी सजवलेल्या गाडीचे फोटो पाठवले. मी इकडे बर्लिनमध्ये ऑफिसातून घरी आलो आणि लॅपटॉप उघडला. तीच गाडी माझ्या स्क्रीनवर चार वर्षं उभी होती. मागचा दरवाजा नाही, घंटी नाही, समोरच्या पाटीवर देवनागरी ४१५ मात्र झोकात.

‘ओम्सी’ नावाचा बस चालवायचा एक जर्मन गेम आहे, २०११ सालचा. भिंत पडण्याआधीच्या पश्चिम बर्लिनमधला श्पांडाऊ भाग, ९२ नंबरचा मार्ग आणि पिवळ्या डबलडेकर. गेम म्हातारा झाला, पण लोक अजून त्यात आपापल्या गावच्या बस आणून बसवतात. यालाच मॉडिंग म्हणायचं. मला त्यात बेस्टची लाल गाडी आणायची होती. नुसती गाडी नाही, आगरकर चौक ते सीप्झ अख्खा रस्ता हवा होता.

मे २०२५ मध्ये बीकेसीत ‘वेव्हज’ परिषद झाली. गेमिंग, अ‍ॅनिमेशन, मुंबई हे त्याचं केंद्र होणार, वगैरे. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आता या क्षेत्रात पैसा येतोय, फुकटची मॉडं करत बसण्यापेक्षा पोरांनी नोकरी धरावी. पैसे मिळाले की कामं आपोआप पूर्ण होतात. दुसरा तट म्हणाला, आपल्याकडे सगळं अर्धवटच राहतं, जर्मन लोकांची शिस्त बघा. आणि साक्षीदार म्हणून मला टॅग केलं.

साक्ष द्यायला माझी हरकत नाही, पण ती दोघांनाही आवडणार नाही.

आधी पैसा. ‘हाफ-लाइफ’ हा जुना गेम हौशी लोकांनी नव्याने बांधायला घेतला, त्याचं नाव ‘ब्लॅक मेसा’. २०१२ मध्ये बराचसा भाग फुकट दिला. पुढे मूळ कंपनीने तो विकायलाही परवानगी दिली आणि २०१५ पासून पैसे यायला लागले. तरी शेवटची, परग्रहावरची प्रकरणं पूर्ण व्हायला २०२० उजाडलं. याउलट ‘मॉरोविंड’ या गेमच्या जगाचा उरलेला प्रदेश बांधणारी ‘टॅमरिएल रिबिल्ट’ची मंडळी २००१ पासून एक पैसा न घेता काम करताहेत. पूर्ण झालेलं नाही, पण एकेक मुलूख तयार झाला की लोकांच्या हाती देतात, आणि लोक तो खेळतात. मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

आता शिस्त. इथे रविवारी दुकानं बंद असतात. साडेपाचला ऑफिसातून निघालं की मेल बघायची अपेक्षा नसते. अंधेरी ते चर्चगेट उभ्याने जाणारे माझे तास मला इथे परत मिळाले. त्या तासांत मी काय केलं? आगरकर चौकातल्या एका दुकानाचं शटर तीनदा बनवलं. रंग पटत नव्हता. वेळ मिळाला की कामाचा पसारा वाढतो, हे मुंबईत असतो तर बहुतेक कळलंच नसतं. आणि शेजारचा जर्मन काय करतो म्हणाल, तर त्याच्या तळघरात अर्धी आगगाडी आहे. खेळण्यातली. माझं लग्न झालं तेव्हापासून ती अर्धीच आहे.

माझी गाडी नेमकी अडली ती कंडक्टरपाशी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गाडीचा सांगाडा उभारण्यात मजा होती, रोज काही तरी नवं दिसायचं. मग आल्या स्क्रिप्ट, म्हणजे गाडीने कसं वागायचं हे सांगणाऱ्या सूचना. ओम्सीची स्क्रिप्ट उलटी असते, म्हणजे आधी आकडे मांडायचे, मग करायची क्रिया. दोन, तीन, अधिक. तेही जमलं. पण त्या गेमला कंडक्टर हा माणूसच माहीत नाही! ड्रायव्हरच तिकीट देतो, सुटे परत करतो. आमच्या डबलडेकरला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे गेमला कसं समजवायचं? तिथे मी दोन वर्षं फाइल उघडलीच नाही. कंटाळा आला असं तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे ती अपुरी होती तोवर माझं मुंबईतलं काही तरी चालू होतं, म्हणून मला घाई नव्हती.

त्यामुळे ‘आपल्याकडे अर्धवटच राहतं’ हे मी मान्य करत नाही. आमच्या मरोळच्या मंडळाचा देखावा आदल्या रात्री दोनला नुसता बांबूंचा सांगाडा असायचा आणि सकाळी गणपती विराजमान. एकांकिकेचा तिसरा प्रवेश स्पर्धेच्या आठवड्यात लिहिलेला मी पाहिलाय, त्यात काम केलंय. यात शिस्त औषधालाही नव्हती. तारीख पंचांगाने ठरवलेली आणि दारात लोक उभे, एवढंच. मॉड करणाऱ्याच्या दारात कोणी उभं नसतं. मुंबईत पोराला आई-बाबा विचारतात, यातून मिळणार काय? इथे तेवढंही कोणी विचारत नाही. माझ्या मते दोन्हीत मुंबईचा प्रश्न बरा, निदान कोणी तरी खोलीत डोकावतंय.

माझ्या खोलीत डोकावले ते काका. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बरीच वर्षं डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर. गाडी बंद झाल्यावर महिन्याभराने व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “अरे, तुझ्या कॉम्प्युटरातली तरी चालू आहे ना?” मी म्हटलं, “काका, गणपतीपर्यंत दाखवतो तुम्हाला.” तोंडातून गेलं खरं.

मग सीप्झ सोडून दिलं. मरोळ सोडलं. कंडक्टर दिसायला हवा हा हट्टही सोडला; दार बंद झालं की दोन टोले वाजतील, बस. घंटीचा आवाज काकांच्याच एका जुन्या सहकाऱ्याने आपल्या मोबाइलमध्ये कधी तरी धरून ठेवला होता, तो कामी आला. सगळ्यात सोपं म्हणून गाडी आयत्या श्पांडाऊच्या रस्त्यावर उतरवली आणि २०२४ च्या गणपतीत काकांना दाखवली.

काकांनी चष्मा पुसला, नीट पाहिलं. “दार डावीकडे आहे आपलं. स्टॉप उजवीकडे आलाय. माणसं चढणार कुठून, रस्त्यातून?”

जर्मनीत गाड्या उजवीकडून चालतात. वीस वेळा ती फेरी मारूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. शेवटी डाव्या बाजूच्या वाहतुकीचा छोटासा नकाशा केला. आगरकर चौक आणि पुढचे दोन थांबे. एका शटरचा रंग अजून चुकलेला आहे. जानेवारीत तो सगळ्यांसाठी खुला केला. काका तिकडे एका पुतण्याकडून कॉम्प्युटर लावून घेतात आणि पोरगं चालवत असताना मागे बसून सूचना देतात.

परवा त्यांचा मेसेज आला. तिसऱ्या स्टॉपनंतर गाडी वळवतोस कुठे, तिथे तर जागाच नाही.