नक्षी, हडळ आणि बहिणी : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

फिरेलेई बाएझ या डोमिनिकन चित्रकर्तीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर हे काम तुम्हाला इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राच्या पेपरासारखं वाटलं; रिकामी जागा दिसली की भर नक्षी. उलट्या पायांची बाई म्हणजे आपली हडळच, तिचं म्युझियमवाल्यांना एवढं काय कौतुक? आणि मी 'भगिनीभाव' म्हणते, पण चित्रात बहुतेकदा बाई एकटीच, तीही बिनचेहऱ्याची.

शेवटचा मुद्दा झोंबला, कारण घोळ माझाच आहे. 'आफ्रो-कॅरिबियन वारशाचा आणि भगिनीभावाचा उत्सव' असं लिहून मी पुढे सटकले. उत्सव म्हटलं की डोळ्यांपुढे तोरणं आणि रांगोळ्या येतात, मग नक्षी ही सजावटच वाटणार. तेव्हा 'उत्सव' मागे घेते. नक्षीच्या बाजूने मात्र भांडणार आहे.

१७८६ साली न्यू ऑर्लिन्स स्पेनच्या ताब्यात होतं. तिथला गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढलं : गुलाम नसलेल्या काळ्या आणि मिश्रवर्णी बायकांनी केसांत पिसं, दागिने घालायचे नाहीत, केस कापडात बांधून ठेवायचे. या बायका नटूनथटून निघाल्या की कोण कुठल्या पायरीवरची हे रस्त्यात ओळखू येईना, ही खरी पोटदुखी. बायकांनी हुकूम पाळला. कापड बांधलं, पण असं उंची, असं झोकात, की मोकळ्या केसांकडे वळल्या नसत्या इतक्या माना त्या कापडाकडे वळाव्यात. या बांधणीला तिन्यों म्हणतात. बाएझच्या २०१५ च्या 'साँ-सूसी' या भल्यामोठ्या चित्रातल्या बाईच्या डोक्यावर तेच आहे. तुम्ही ज्याला रिकामी जागा भरणं म्हणालात, ती जागा मुळात सरकारी हुकुमाने झाकायला लावलेली होती.

बाएझच्या त्या काळातल्या चित्रांमधल्या कापडांची वेलबुट्टी जवळून पाहिली की तिच्यात तुटक्या साखळ्या सापडतात, पँथर सापडतात आणि एक छोटी काळी मूठ सापडते. डोमिनिकन घरांत तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दगडाची मूठ घालतात, तिला आसाबाचे म्हणतात. आपल्याकडे बाळाच्या मनगटात काळे मणी असतात, तसंच. बाएझ ती मूठ अशी काढते की १९६०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीची वर उगारलेली मूठही तीच. संकल्पचित्राच्या पेपरात आपण आकृतिबंध फिरवून फिरवून मांडायचो. त्याचा अर्थ काय, असं मला तरी कुणी कधी विचारलं नाही. (तुम्ही विचारत असाल तर तुमचे विद्यार्थी नशीबवान.)

आता हडळ. साम्य मलाही जाणवलं होतं, लेखात लिहायचं राहिलं. बाएझचा जन्म १९८१चा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतियागोचा. आई डोमिनिकन, वडील हैतीच्या वंशाचे. बालपण हैतीच्या सीमेलगतच्या दाहाबोन गावात, मग मायामी. डोमिनिकन लोककथेत सिग्वापा असते : डोंगरात राहणारी, अंगभर केस, पाय उलटे, वाटसरूंना भुलवणारी. तिला धरायचं तर पौर्णिमेची रात्र हवी आणि पायाला जास्तीचं बोट असलेला काळा-पांढरा कुत्रा हवा. इथवर हडळीची मावसबहीणच. पण पायांचं काम पाहा. आपल्या गोष्टीत उलटे पाय ही हडळीची ओळख पटवायची खूण. पाय बघितले की ती सापडली. सिग्वापाच्या गोष्टीत उलट्या पायांमुळेच ती सापडत नाही, कारण तिचा माग काढणारा नेमका विरुद्ध दिशेला चालत जातो. डोमिनिकन रिपब्लिक आणि हैतीच्या ज्या सामाईक बेटावर मळ्यांतून पळालेले गुलाम डोंगरात आसरा घ्यायचे, तिथे ही गोष्ट नुसती मुलांना भिववण्यापुरती राहिली असेल असं मला वाटत नाही. बाएझच्या सिग्वापांना पानं फुटतात, केसांचं रान होतं, चेहरा हाती लागत नाही. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स या डोमिनिकन वस्तीत, १६३व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनात, २०१८ पासून तिची सिग्वापा मोझेकमध्ये आहे. मी न्यू जर्सीहून मुद्दाम गेले होते. तिकीट सबवेचं, म्युझियमचं नाही.

चेहरा का नाही, याचं एक उत्तर तिच्या २०११च्या कामात मिळतं. रोज स्वतःची एक आकृती. त्या दिवशी हाताच्या कातडीचा जो रंग दिसला तो भरायचा, केसांचा जो आकार असेल तो घ्यायचा, आत फक्त डोळे. यामागे दोन जुन्या परीक्षा आहेत : अमेरिकेत कातडी कागदी पिशवीपेक्षा उजळ आहे का ते बघायचे, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पंख्यासमोर केस उडतात का ते बघायचे. पास झालात तर आत या. 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' वाचत वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. नाक-ओठ रंगवले की बघणारा पुन्हा तीच परीक्षा घ्यायला बसतो. इथे त्याला फक्त डोळे मिळतात, आणि ते त्याच्याकडेच बघत असतात.

राहिला भगिनीभाव. वरच्या चित्राला ज्याचं नाव आहे, तो साँ-सूसी म्हणजे हैतीचा राजा आँरी क्रिस्तोफचा राजवाडा. १८४२च्या भूकंपात पडझड झालेला. क्रिस्तोफने १८२० साली आत्महत्या केली, मुलगा मारला गेला. राणी मारी-लुईज क्वादाविद दोन मुलींना घेऊन आधी इंग्लंडला आणि मग इटलीला गेली, १८५१ मध्ये पिसात वारली. बाएझने २०१८च्या एका चित्राचं नावच मारी-लुईजला अर्पण केलंय : हद्दपार, व्यवस्थेची राखणदार, आणि शेवटचा शब्द, आनाकाओना. आनाकाओना ही त्याच बेटावरच्या ताइनो या मूळ रहिवाशांची राणी, जिला स्पॅनिशांनी १५०३च्या सुमारास फाशी दिलं. दोघींत तीनशे वर्षांचं अंतर, वंशही वेगळे. एका चित्रात दोन बायका गळ्यात गळा घालून दाखवल्या असत्या तर तुमचं समाधान झालं असतं का, सर? जात्यावर बसलेली बाई सीतेचा वनवास गाते, तेव्हा सीता काही समोर बसलेली नसते. तो भगिनीभाव आपण मानतोच ना?

एक गोष्ट मात्र तुमची मान्य. मोबाइलवर ही चित्रं खरंच कॅलेंडरसारखी दिसतात, आणि मी लेखात लहान फोटो टाकले होते. आता मोठे टाकलेत. तिसऱ्या फोटोतल्या निळ्या नक्षीत मूठ आहे. मी जागा सांगत नाही. सापडली की कळवा.