शंभर फॉर्म आणि एक कोयता

भाची सांगलीत एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय. प्रबंधाचा विषय वाळवा तालुक्यात ऊसतोडीला येणाऱ्या बायकांचा. परवा रात्री तिनं 'संशोधन पद्धती पाच मिनिटांत' असा फिरता मेसेज मला धाडला आणि खाली लिहिलं, "मावशी, टेन्शनच गेलं." तिचं गेलं, माझं आलं. हाच मेसेज मला याआधी दोन ग्रुपवर येऊन गेलाय. तेव्हा सोडून दिला होता.

मेसेज म्हणतो: नमुना (म्हणजे प्रश्न विचारायला निवडलेले लोक) लोकसंख्येच्या दहा टक्के हवा. जमत नसेल तर शंभर फॉर्म, लिंक मित्रांना पाठवून भरून घ्या. गुणात्मक (आकड्यांऐवजी माणसांशी बोलून केलेलं संशोधन) म्हणजे गप्पा, त्याला कोणी विचारत नाही. तरी करायचंच असेल तर दहा-बारा मुलाखती पुरे. आणि गृहीतक, म्हणजे सुरुवातीला बांधलेला अंदाज, सिद्ध झालंच पाहिजे.

शेवटचं आधी उडवते. सिद्ध होणारच असेल तर उन्हातान्हात फिरायचं कशाला? गृहीतक चुकीचं निघालं, हाही निष्कर्षच असतो.

दहा टक्क्यांचा नियम कुठून आला देव जाणे. अंदाज पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर १,००० कुटुंबांतून साधारण २७८ लागतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या जवळजवळ तिप्पट. आणि १० लाखांतून? ३८५ च्या आत. अट एकच, निवड यादृच्छिक हवी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, प्रत्येकाला सारखी संधी देणारी.

आता ते मित्रांचे फॉर्म. अगं, कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) राहणाऱ्या बाईविषयीचा फॉर्म सांगलीच्या विश्रामबागेत चहा पीत तुझ्या मैत्रिणी भरणार? फॉर्म वाढले म्हणून खोट्याचं खरं होत नाही. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला की लँडन जिंकणार. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतले, म्हणजे मंदीच्या काळात खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे. त्यातही परत आल्या त्या उत्तर धाडण्याची हौस असलेल्यांच्याच. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनी जेमतेम ५० हजार लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. वीस लाख जिथं तरले नाहीत तिथं तुझे शंभर!

'गुणात्मक म्हणजे गप्पा' याचा मला सगळ्यात जास्त राग आला. भाचीच्या फॉर्मवर सातवा प्रश्न होता: 'तुमची रोजची मजुरी किती?' पहिल्या फेरीत बहुतेक बायकांनी रकाना रिकामा सोडला. हिनं लिहून ठेवलं, 'निरक्षरतेमुळे माहिती नाही'. मी म्हटलं, फॉर्म पिशवीत घाल आणि एकीजवळ बसून ये. ती बाई भाकरी थापता थापता बोलली. रोजची मजुरी नसतेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोब टनावर, आणि तोही सीझनच्या आधी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून (आगाऊ रकमेतून) वळता होतो. उचल नवऱ्यानं मोजून घेतलेली. प्रश्नच चुकला होता. हजार जणींना विचारला असता तरी हजार रिकामे रकानेच आले असते.

म्हणून आधी बसून ऐकायचं, मग प्रश्नावली. आकडे आल्यावर काही कोडं पडलं तर परत जाऊन बसायचं.

दहा-बारा मुलाखतींचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखतींवरचा २००६ चा एक अभ्यास आहे. त्यात बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेले होते. पण त्या बायका बऱ्याचशा एकसारख्या आणि प्रश्नही ठरलेले. मुकादम, शेतकरी आणि तोडणीवाल्या बायका एकाच डझनात कोंबल्या तर ते गणित लागू होत नाही.

सातवा प्रश्न भाचीनं खोडलाय. आता तिथं तीन आहेत: उचल किती, कोणाच्या हातात दिली, आणि हिशोब तुम्हाला कोणी दाखवला का. रविवारी परत जातेय. मेसेज अजून ग्रुपवरून काढलेला नाही. म्हणे, सरांनीच टाकलाय.