बोट संध्याकाळी पाचला, आपण सकाळी सातला

नागपूरहून समुद्र सगळ्याच बाजूंनी लांब आहे, ही काही आपली चूक नाही. पाण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. फुटाळ्यावर संध्याकाळी काढल्या आहेत, अंबाझरीत बोटिंग केलं आहे. तेव्हा मुंबईहून गोव्याला क्रूझनं जायचं ठरल्यावर बंदरावर किती वाजता हजर व्हायचं, हे आपल्याला कुणी परक्यानं शिकवू नये.

तरी क्रूझ कंपन्या शिकवतातच. तुम्ही पैसे भरता, मोबाईलवर वेब चेक-इन करता, आणि बोर्डिंग पासवर एक वेळ छापून येते. दुपारी दीड ते दोन, असं काहीतरी. भोळी माणसं ती वेळ पाळतात. तुम्ही त्या फंदात पडू नका. लग्नपत्रिकेवर गोरज मुहूर्त सहा वाजून बावीस मिनिटांचा असला की आपण आठला हॉलवर पोचतो आणि तरीही अक्षता आपल्यासमोरच पडतात. बोटीला हाच हिशेब उलटा लावायचा. दीडची वेळ असेल तर सकाळी सातला जायचं. छापील वेळ ही नेहमी दुसऱ्यांसाठी असते.

गाड्याही आपल्या सोयीच्याच आहेत. विदर्भ एक्स्प्रेस घ्या नाहीतर दुरांतो, रात्रभर झोपून सकाळी सीएसएमटीला उतरता येतं, आणि तिथून बोटीचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पिअर, टॅक्सीनं हाकेच्या अंतरावर. मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे चहा-आंघोळीला जाऊ नका, तेवढ्यात बोट निघून जाईल. क्लोकरूममध्ये सामान ठेवून फोर्टात दोन तास भटकता येतं, जवळच नाश्ता मिळतो, ही असली माहिती मनावर घेऊ नका. थेट गेट गाठा.

गेटवरचा सुरक्षारक्षक सांगेल, ‘अभी बोट खाली नहीं हुआ.’ हा तुमचा पहिला विजय. बोट समोर उभी आहे, तुम्हाला दिसते आहे, आणि हा माणूस म्हणतो खाली नाही! प्रकार असा असतो की तीच बोट त्या दिवशी सकाळी आधीच्या प्रवाशांना घेऊन आलेली असते. ते नाश्ता करून उतरतात, त्यांच्या बॅगा उतरतात, शेकडो केबिनमधल्या चादरी बदलतात, धान्य-भाजीपाला वर चढतो, कचरा खाली येतो. बोटीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड दारावर टिपलं जातं, आणि आत उरलेल्या जुन्या प्रवाशांचा आकडा शून्यावर येईपर्यंत नव्यांना वर घेत नाहीत. एखादे आजोबा चष्मा शोधत केबिनमध्येच राहिले, की त्यांच्या नावाचा पुकारा सुरू होतो आणि खाली सगळी रांग थांबते. म्हणजे तुम्ही सातला या नाहीतर पहाटे चारला, आत जाण्याची वेळ त्या आजोबांच्या चष्म्यावर अवलंबून आहे. पण तुम्ही त्या रक्षकाला दर दहा मिनिटांनी विचारत राहा. त्यानं काम लवकर होतं.

आता मूळ मुद्द्याकडे. एवढ्या लवकर यायचं ते कशासाठी? केबिनचा नंबर बहुतेक वेळा बोटीत चढायच्या आधीच ठरलेला असतो. पैसे भरलेत, पलंग तुमचाच आहे, त्यावर दुसरं कुणी येऊन झोपणार नाही. हे सगळं खरं. पण आपण जनरल डब्याच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं. सिनेमाचं तिकीट नंबराचं असलं तरी दार उघडल्यावर पळणारी माणसं. जागा आपलीच आहे हे कागदावर लिहिलेलं असणं वेगळं आणि तीवर बूड टेकणं वेगळं. शिवाय रांगेत आपल्या पुढं कुणी उभं असलं की तो आपलं काहीतरी घेऊन चालला आहे असं वाटतंच. काय घेऊन चालला आहे हे विचारू नका. केबिन नाही, जेवण नाही, समुद्र तर नाहीच. पण घेऊन चालला आहे.

तेव्हा सगळ्यांनीच लवकर या. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून दिलेल्या असतात त्या गर्दी पसरावी म्हणून. साडेअकरावाले साडेअकराला, दोनवाले दोनला. दोनवाले, अडीचवाले आणि तीनवाले सगळे मिळून अकराला गेटवर जमले, की ज्यांची वेळ खरोखर साडेअकराची आहे ते बिचारे मागे राहतात, आणि मग पुढच्या खेपेला तेही नऊला येतात. हळूहळू सगळ्यांना समजतं की इथं फार गर्दी असते, लवकर यावं लागतं. या गर्दीत आपला हातभार आहे हे मात्र कुणी बोलून दाखवायचं नाही.

मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. तिथं चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर केले आहेत. बहात्तर! तरी काळजी करू नका. आपण सगळे एकाच काउंटरसमोर उभे राहू, कारण ‘ती लाइन पटापट सरकून राहिली’ असं मागून कुणीतरी सांगितलेलं असतं. आपण त्या लाइनीत गेलो की ती सरकायची थांबते.

आणि एक गुपित आहे, ते बाहेर फोडू नका. दार उघडल्यावर पहिले दोनेक तास सगळ्यात जास्त गर्दी असते. त्यानंतर, आपल्या वेळेला, आधारकार्ड आणि बोर्डिंग पास हातात घेऊन शांतपणे येणारं एखादं जोडपं सरळ चालत आत जातं. तुम्ही सकाळपासून सुटकेसवर बसून आहात आणि ती दोघं आइस्क्रीम खात तुमच्या बाजूनं निघून जातात. अशा वेळी मोठ्यानं म्हणायचं, ‘ओळख असेल वरपर्यंत.’

लवकर जाण्याचं एकच समजूतदार कारण मी मान्य करतो, ते म्हणजे दुपारचं जेवण. भाड्यात जेवण धरलेलं असतं, बुफे बोर्डिंगसोबतच सुरू होतो, तेव्हा एक पंगत जास्त वसूल. हे नागपूरकराला पटतंच. फक्त केबिनच्या चाव्या बहुधा दुपार उलटल्यावर मिळतात, म्हणून हातात बॅग, खांद्यावर बॅग, काखेत नातू आणि प्लेटमध्ये पनीर, अशा अवस्थेत बसायला जागा शोधायची. सकाळपासून उभं राहिल्यामुळे भूक मात्र कडकडून लागलेली असते, हा लवकर येण्याचा फायदाच.

सामानाबद्दल दोन शब्द. मोठ्या बॅगा खालीच हमालाकडे द्यायच्या असतात, त्यांना केबिनच्या नंबराची चिठ्ठी लावलेली असते, आणि त्या स्कॅन होऊन संध्याकाळपर्यंत दाराशी येतात. तेव्हा बीपीच्या गोळ्या, पोहण्याचे कपडे, चार्जर आणि मुख्य म्हणजे ओळखपत्र या मोठ्या बॅगेतच तळाशी ठेवा. हातातल्या पिशवीत रामदेवबाबांचं चूर्ण आणि जुनं वर्तमानपत्र पुरे. इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड आठवणीनं घ्या. बोटीवर आगीची भीती फार, म्हणून स्कॅनरवाले या वस्तू काढून ठेवतात, आणि त्यांच्याशी वाद घालायला तुम्हाला भरपूर वेळ आहेच. घरून सावजी रस्सा स्टीलच्या डब्यात भरून न्यायचा मोह आवरू नका. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या वर येऊ देत नाहीत. त्या डब्यामुळे रांग अर्धा तास थांबली तर मागच्यांना रस्स्याच्या वासावर समाधान मानू द्या.

इथवर झाली लवकर येणाऱ्यांची गोष्ट. आपल्यात दुसरी जमातही आहे, ‘पाहून घेऊ’वाल्यांची. अनेक घरांत दोन्ही जमाती एकमेकांशी लग्न करून नांदतात. ती म्हणते, ‘अहो चला ना जी, बोट निघून जाईन.’ तो म्हणतो, ‘पाचले आहे ना बाप्पा बोट, आत्ताच कायले?’

या दुसऱ्या जमातीसाठी समृद्धी महामार्ग बांधला आहे. ७०१ किलोमीटर, सरळ, रुंद, आठ तासांत मुंबई. सकाळी आठला तर्री-पोहे खाऊन निघालं की चारला बोटीत! महामार्ग ठाणे जिल्ह्यात आमण्याला संपतो आणि तिथून पुढं बॅलार्ड पिअरपर्यंत भिवंडी, ठाणे आणि मुंबई शहर अशी तीन किरकोळ प्रकरणं आहेत, ती मोजायची नाहीत. ज्यांना गाडी चालवायची नसेल त्यांनी त्याच दिवसाचं दुपारचं विमान घ्यावं. आदल्या दिवशी मुंबईत पोचून मुक्काम करणं हे कमजोर मनाच्या लोकांचं काम.

बोट पाचला सुटते म्हणजे पाचला दार बंद होतं, हा तर आपला आवडता समज. दार त्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. जहाज बंदरातून बाहेर काढायला बंदराचा पायलट, म्हणजे वाटाड्या, वर आलेला असतो, जहाज ओढणाऱ्या टग बोटी ठरलेल्या वेळेला लागतात, धक्क्यावरची जागा दुसऱ्या जहाजाला दिलेली असू शकते. अमेरिकेत तर जहाज सुटण्याच्या निदान ६० मिनिटं आधी प्रवाशांची पक्की यादी सरकारकडे जावी लागते. आपल्याकडच्या किती आईवडिलांना मुलगा तिकडे बोलावतो आणि मायामीहून कॅरिबियनची सफर घडवतो! तिथं ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. सकाळी तेवढे उतरणार, दुपारी तेवढे चढणार. बाबांनी तिथं कॅप्टनला फोन लावायला सांगितलं तर मुलानं हरकत घेऊ नये. धंतोलीतली ट्रॅव्हल्सची बस त्यांच्यासाठी नेहमी थांबलेली आहे.

दार लवकर बंद होण्याला आणखी एक कारण आहे, आणि इथं मला थट्टा सुचत नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षेचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हा त्याला २४ तासांची सवलत होती. २०१५ पासून नियम बदलला. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटता-सुटताच उरकावा लागतो. त्यासाठी सगळे आत असावे लागतात.

तर हा सराव. भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. काही जहाजांवर मोबाईलवर चित्रफीत पाहून जागेवर फक्त तोंड दाखवून यायचं असतं. सकाळी सातपासून घाई केलेला माणूस नेमका इथं निवांत होतो. ‘तुम्ही जाऊन या, मी भजी घेऊन राहिलो.’

गोव्यात उतरलात तर तिथंही परतायची एक वेळ सांगतात. बोट मुरगावला लागते, तुम्हाला पणजीचं मार्केट बघायचं असतं, मध्ये झुआरी नदी आणि तिच्यावरच्या पुलाची वाहतूक. कंपनीच्या सहलीला गेलेल्यांची बस उशिरा आली तर बोट सहसा थांबते. स्वतःची टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणून तुम्ही स्वतःची टॅक्सी करा, त्यात काजू स्वस्त मिळतात. धक्क्यावरून पिशव्या सांभाळत पळणारी माणसं वरच्या डेकवरून फार छान दिसतात, लोक टाळ्याही वाजवतात. तेवढी प्रसिद्धी एरवी कुठं मिळते?

शेवटी उतरायचा दिवस. बोट पहाटे मुंबईला लागते. उतरण्यासाठीही गटागटानं वेळा दिलेल्या असतात, तोवर नाश्ता चालू असतो, खुर्च्या मोकळ्या असतात, आणि तुमची नागपूरची गाडी तर संध्याकाळची आहे. तरी तुम्ही साडेपाचलाच सगळ्या बॅगा घेऊन जिन्यात उभं राहा. लिफ्टसमोर सुटकेस आडवी ठेवा, म्हणजे मागचे पुढं जाणार नाहीत. ज्या गटाची वेळ झाली आहे त्याला वाट देऊ नका. तास-दीड तास उतरणं रखडेल, केबिन साफ करणारी मुलं बादल्या घेऊन तुमच्या मागे ताटकळतील, पण तुम्ही पहिले उतराल. निदान पहिल्या शंभरात.

खाली आलात की गेटबाहेर विदर्भ एक्स्प्रेसनं नुकतीच आलेली मंडळी सुटकेसवर बसलेली भेटतील. त्यातले एखादे काका उठून विचारतील, ‘काहून जी, आतमधी काय चालू आहे? दोन घंटे झाले, घेऊनच नाही राहिले.’ त्यांना सांगा, मॅनेजमेंट एकदम बेकार आहे, आणि पुढच्या वेळी अजून लवकर या.